रिकाम्या हाताने कुणी जात नाही

परभणी जिल्ह्यात माणूस गेला की त्याची शेवटची वाट बहुधा गंगाखेडला जाते. गोदावरीला इकडे सगळे गंगाच म्हणतात. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, अस्थी गोळा करायच्या आणि संत जनाबाईंच्या या गावी आणून पात्रात सोडायच्या. ज्वारीच्या आणि कापसाच्या रानात हयात घालवलेला माणूस अशा रीतीने पाण्यात विरून जातो, मागे दगडही उरत नाही. रिकाम्या हाताने आलो, रिकाम्या हाताने जायचं, हे आपण कीर्तनात ऐकत मोठे झालो. उपदेश म्हणून ते खरंच आहे. पण जिवंत माणसांनी आपल्या माणसाला रिकाम्या हाताने जाऊ दिलंय, असं मला कुठेच दिसलेलं नाही.

आपल्याच घरातलं बघावं. शेवटची घटका आली की तोंडात गंगाजल घालतात, तुळशीपत्र ठेवतात आणि सोन्याचा एखादा कणही ठेवतात. वर्षभर डाग मोडून बी-भरण करणाऱ्या घरातसुद्धा तेवढ्यासाठी मण्याचा तुकडा निघतो. सुवासिनी गेली तर तिला हिरवं लुगडं नेसवतात, मळवट भरतात, ओटी भरतात. लिंगायत घरांत मृताला बसवून मूठमाती देतात, सोबत त्याचं इष्टलिंग, विभूती आणि बेलाची पानं असतात. लहान लेकराला तर बहुतेक घरांत अग्नी देतच नाहीत, मातीच्या कुशीत ठेवतात. देणं कमी-जास्त असेल, रीत वेगळी असेल, पण निरोप कोरडा नसतो.

पुण्यात डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात इनामगावचे दफनकुंभ पाहताना हे सगळं मनात एकदम उभं राहिलं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या गावाजवळ 1968 ते 1983 या काळात उत्खनन झालं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी या अभ्यासकांनी तिथलं ताम्रपाषाणयुगीन खेडं थर-थर उलगडलं. इसवीसनपूर्व 1600 ते 700 असा सुमारे नऊशे वर्षांचा तो संसार होता. ही माणसं शेती करत, नदीचं पाणी पाटानं वळवत, चाकावर भांडी घडवत. आणि आपल्या मृतांना ती घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोकं करून आडवं निजवत. बहुतेकांची पावलं घोट्यापासून तोडलेली सापडली. गेलेल्यानं दूर भटकू नये, घरातच राहावं, अशी त्यामागची भावना असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. लेकरू गेलं तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत आणि त्यांच्या पोटात ते लेकरू असे. शेजारी एखादी रंगवलेली वाटी, तोटीचं छोटं भांडं.

त्या मडक्यांपाशी मी बराच वेळ उभा होतो. तिथे डोळे दिपवणारं काहीच नव्हतं, मातीचीच भांडी होती. पण ज्या बाईनं ते तोटीचं भांडं तिथे ठेवलं, तिला आपल्या बाळाला तहान लागेल याची काळजी होती. जिथं ती रोज स्वयंपाक करत होती, त्याच जमिनीखाली तिनं त्याला ठेवलं होतं. तीन हजार वर्षांनंतरही ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला करा आणि केळी ही मातीची भांडी पाण्यानं भरून पितरांच्या नावानं देतात, त्यात हीच काळजी आहे.

इनामगावात एक वेगळं दफनही सापडलं. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, फुगीर पोटाचा मातीचा रांजण होता आणि त्यात सुमारे चाळिशीचा पुरुष बसवलेला होता. त्याची पावलं मात्र शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा, असं अभ्यासक मानतात. म्हणजे मान आणि मोठेपण त्या काळातही मातीखाली सोबत जात होतं. तिथल्याच दफनातल्या एका भांड्यावर वल्ह्यांची नाव रंगवलेली आहे. पलीकडे जायला नदी ओलांडावी लागते, ही कल्पना त्यांच्या मनात असेल तर आपली वैतरणी फार जुनी म्हणावी लागेल.

आणि ती केवळ आपली नाही. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, मेक्सिकोत, मृताला नदी पार करून देणारा कुत्रा असतो अशी अझ्टेकांची श्रद्धा सोळाव्या शतकात नोंदवली गेली. त्याच्या कितीतरी आधी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, त्या देशाच्या पश्चिमेकडच्या कोलिमा भागात मृतांजवळ भाजक्या मातीचे गुबगुबीत कुत्रे ठेवत. माया लोक आपल्या माणसांना घराच्या जमिनीखाली पुरत, मृताच्या तोंडात दळलेला मका भरत आणि सोबत मोलाचे खडे ठेवत. परलोकात त्याला खायला कमी पडू नये, असं त्याचं कारण दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूनं लिहून ठेवलं आहे. हे वाचताना मला आमच्याकडचा तो सोन्याचा कण दिसतो. या दोन प्रदेशांमध्ये त्या काळी कसलंही येणं-जाणं नव्हतं. मग एकाच दुःखातून सारखीच कृती उगवली, एवढंच म्हणता येतं आणि तेच मला फार मोठं वाटतं.

माया राजा पाकालचा थडग्यातला ऐवज जगभर गाजला. मेक्सिकोतल्या पालेंके इथल्या मंदिराच्या फरशीतल्या एका शिळेला बुजवलेली भोकं होती. 1940 च्या दशकाच्या अखेरीस आल्बेर्तो रूस या पुरातत्त्वज्ञानं ती हेरली, शिळा उचलली आणि खाली दगडमातीनं गच्च भरलेला जिना लागला. तो मोकळा करायला चार हंगाम गेले. 1952 मध्ये तळाशी राजा भेटला. इसवीसन 683 मध्ये वारलेल्या त्या राजाच्या चेहऱ्यावर हिरव्या जेडच्या तुकड्यांचा मुखवटा होता, तोंडात जेडचा मणी, एका हातात जेडचा गोळा आणि दुसऱ्यात जेडचा घन. थडग्यापासून वरच्या मंदिरापर्यंत जिन्यालगत एक पोकळ नळीही बांधलेली होती, खालच्याचं आणि वरच्यांचं बोलणं तुटू नये म्हणून. मुखवट्याची छायाचित्रं सगळीकडे झळकली. मला त्या नळीचं अप्रूप अधिक वाटतं. पावलं तोडून माणसाला घरात ठेवणारे इनामगावकर आणि जिन्यालगत नळी बांधणारे पालेंकेकर एकच गोष्ट मागत होते: तू गेलास तरी आमच्यातच राहा.

मेक्सिकोशी आपलं एक नातं तर दर दसऱ्याला दारावर डुलत असतं. झेंडू मूळचा तिकडचा. युरोपीय जहाजं अमेरिकेला पोचल्यानंतरच्या काळात तो इकडे आला आणि आपल्या तोरणांत रुजला. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मृतांचा सण असतो. तेव्हा याच फुलांच्या पाकळ्यांनी वाट आखतात, गेलेल्यांना घर सापडावं म्हणून. परभणीच्या बाजारात ढिगानं विकलं जाणारं हे फूल आपल्या जन्मभूमीत पितरांचा वाटाड्या आहे.

म्हणूनच थडग्यातल्या वस्तूंना आपण सरसकट ‘खजिना’ म्हणतो ते मला खुपतं. खजिना जिवंत माणूस स्वतःसाठी साठवतो. ही तर शिदोरी होती, दुसऱ्याला बांधून दिलेली, परत न मागण्याच्या बोलीवर. जिथं तिला खजिना समजलं गेलं तिथं नुकसानच झालं. 1985 च्या नाताळात मेक्सिको शहरातल्या राष्ट्रीय संग्रहालयातून शंभराहून अधिक वस्तू चोरीला गेल्या, त्यात पाकालचा मुखवटाही होता. 1989 मध्ये तो परत मिळाला. दरवेळी असं नशीब नसतं.

मराठवाड्यात हे नुकसान रोजच्या जगण्यात चालू आहे. जुन्या वस्त्यांची पांढरी टेकाडं आपल्याकडे गावोगाव आहेत. तिथली माती धाब्याच्या घरांसाठी पिढ्यान्‌पिढ्या नेली गेली, त्यात निदान गरज होती. पण ‘पांढरीत हंडा आहे’ अशी कुजबुज उठते, कुणी पायाळू माणूस शोधला जातो, अमावास्येच्या रात्री लिंबं-नारळं मांडून खणलं जातं. मिळतं ते खापर, हाड, राख. ते फेकून देतात आणि जे खरोखर मिळालं होतं तेच नाहीसं होतं. गुप्तधनाच्या नावानं अघोरी प्रकार करणं 2013 च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवलं आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, हा कायदा तर 1878 पासून आहे. तरीही कुदळ थांबत नाही, कारण फक्त सोनंच मोलाचं असतं ही समजूत कायद्यानं जात नाही.

ती जावी म्हणून नेवाशाची गोष्ट प्रत्येक शाळेत सांगितली पाहिजे. प्रवरेकाठच्या नेवाशात, जिथं ज्ञानेश्वरी सांगितली गेली, 1950 च्या दशकात सांकलियांच्या चमूनं उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगातल्या एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. कापूस एरवी मातीत कुजतो. इथं तांब्याच्या क्षारांनी मण्यांच्या आतला धागा टिकवला आणि तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस आढळले. महाराष्ट्रात त्या काळी सूत होतं, हे आपल्याला एका लेकराच्या गळ्यातल्या माळेनं सांगितलं. हंडा शोधणाऱ्यानं तांब्याचे मणी मोडीत विकले असते आणि दोरा वाऱ्यावर उडाला असता.

कापूस पिकवणाऱ्या माझ्या जिल्ह्याला त्या धाग्याचं मोल दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. म्हणून पांढरीत पाया खोदताना खापर, मणी, हाड लागलं तर काम थांबवावं, तहसीलला आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवावं, आणि ग्रामसभेनं आपलं टेकाड आपलं म्हणून राखावं. तिथं निजलेल्यांना त्यांच्या माणसांनी जवळचं जे होतं ते देऊन पाठवलं होतं. ती शिदोरी लुटू न देणं हे त्यांच्यानंतर त्याच मातीत राहणाऱ्या आपलं काम आहे.