पंचवटीचे दार आणि त्रिरश्मीचा डोंगर

आम्ही मुंबईच्या चाळीत वाढलेली मुले-मुली. आमच्या आजोबांपैकी कितीतरी जण गिरणीत लागलेले. भारत देश आम्ही पाहिला तो शाळेतल्या नकाशात. त्यामुळे विहारातल्या अभ्यासवर्गाची सहल नाशिकला निघाली तेव्हा एस.टी.च्या खिडकीतून कसारा घाट पाहूनच आम्ही हरखून गेलो.

पंचवटीत उतरलो. रामकुंडावर स्नानाची गर्दी, फुलांचे द्रोण, पितळी भांड्यांची दुकाने. तिथून गल्लीबोळांतून काळाराम मंदिरापाशी आलो. काळ्या दगडाचे भक्कम देऊळ आणि दार सताड उघडे! आमची पावले मात्र तिथेच थबकली.

सरांनी सांगितले, २ मार्च १९३० रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारोंचा मोर्चा इथे आला, तेव्हा हे दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून दरवाजांसमोर सत्याग्रह सुरू झाला. रामनवमीला दगडांचा मारा झाला. दादासाहेब गायकवाडांनी नेटाने लढा चालवला. पाच वर्षे गेली, दार उघडले नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

आमच्यातली एक मुलगी हळूच म्हणाली, "माझ्या पणजोबांचं डोकं इथंच फुटलं होतं. आजी सांगायची."

मग वाद झाला. काही म्हणाले, आत जाऊ, हक्क आहे. काही म्हणाले, आपण बौद्ध, आत आपले काय काम? सर म्हणाले, "मूर्तिपूजक होण्यासाठी हा लढा नव्हता, हे बाबासाहेबांनी १९३४ मध्ये दादासाहेबांना पत्रातच कळवलं होतं. हा माणुसकीच्या हक्काचा लढा होता. आणि पोरांनो, 'मला नको' म्हणायलासुद्धा आधी हक्क लागतो."

आम्ही आत गेलो नाही. दारासमोर दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिलो. त्या मुलीने पायरीजवळची चिमूटभर माती रुमालात बांधून घेतली.

दुपारी त्रिरश्मी लेण्यांवर चढलो. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण ही २४ लेणी बौद्ध भिक्खूंची. दहाव्या लेण्यातला ब्राह्मी लेख सरांनी उलगडून सांगितला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापणे दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवली. त्या व्याजातून वीस भिक्खूंना चीवराचा खर्च मिळायचा.

विणकर! आम्ही एकमेकांकडे पाहिले. आमचे आजोबा साच्यावर उभे राहिले, त्याच कामातल्या माणसांवर सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी संघाच्या वस्त्रांची ठेव विश्वासाने सोपवलेली होती.

एकाच दिवसात आम्ही देशाची दोन रूपे पाहिली. एक दार आपल्या माणसांसाठी बंद झालेले, आणि एक डोंगर, ज्याच्या दगडावर कष्टकऱ्यांची पत कोरलेली. परतताना एस.टी.त गाणी झाली नाहीत. घरी गेल्यावर आई-बाबांना काय सांगायचे, याचीच जुळवाजुळव प्रत्येक जण करीत होता.

पालकहो, मुलांना एकदा नाशिकला न्या. पण दोन्ही ठिकाणी न्या.