बैठकीची रीत

सभा कशी चालवावी हे शिकविण्याचा व्यवसाय करणाऱ्या माणसाकडे लोक बहुधा एखादी युक्ती मागावयास येतात. संस्थेचे चिटणीस येतात, पाणलोट समितीचे अध्यक्ष येतात, बचत गटांच्या सहयोगिनी येतात; आणि चहापाणी व इकडची तिकडची विचारपूस आटोपली की, सर्वांना बोलते करणारी, भांडणाला वाव न देणारी आणि शक्य तर दुपारच्या जेवणापूर्वी संपणारी अशी एखादी पद्धत सांगा, अशी विनंती करतात. पद्धती माझ्या संग्रही पुष्कळ आहेत. चिठ्ठ्यांच्या आहेत, चिंचोक्यांच्या आहेत, अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढण्याच्या आहेत, शिवारफेरी करून बांधावरच निर्णय घेण्याच्या आहेत. परंतु आपण कशासाठी एकत्र आलो आणि काही झाले तरी आपल्यांत कोणती गोष्ट मोडता कामा नये, या दोन प्रश्नांचा खुलासा झाल्यावाचून यांतील एकही कुणाच्या हाती देऊ नये, असा माझा रिवाज आहे. पहिला ठराव वाचला जाण्यापूर्वीच कोण कुठे बसले, कोणाला आधी बोलावयास सांगितले आणि कोणाचे बोलणे लिहून घेतले, यांतून सभेने पुष्कळसे ठरवून टाकलेले असते.

हे मला एकाच आळीतल्या बायकांनी फार स्वच्छ दाखवून दिले. त्याच बायका भिशीतही होत्या आणि बचत गटातही. भिशीच्या दिवशी सर्वांच्या नावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात पडत, घरातल्या एखाद्या पोराला त्यांतली एक उचलावयास सांगत, आणि जिचे नाव निघे तिच्या पदरात त्या महिन्याची सारी रक्कम पडे. यात कोणाला अन्याय वाटत नसे व वाटण्याचे कारणही नव्हते; प्रत्येकीने सारखेच भरलेले, प्रत्येकीची पाळी कधी ना कधी येणारच, दैवाच्या हवाली केलेला असे तो फक्त आधी-नंतरचा क्रम. पुढे बचत गटात कर्ज कोणाला द्यावे यावरून रुसवेफुगवे होऊ लागले, तेव्हा त्यांनी हाच डबा तेथेही नेला. त्या महिन्यात एकीच्या मुलीचे बाळंतपण तोंडावर आलेले होते, दुसरीला बाजारातली शेळी हातची जाऊ द्यावयाची नव्हती, तिसरीला निकड अशी काहीच नव्हती. आणि चिठ्ठी निघाली ती तिसरीची. डबा तोच होता आणि निःपक्षपातही तोच होता. पण गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर ‘अडलेलीला आधी’ असा नियम त्यांनीच एकमुखाने लिहून ठेवला होता, आणि अडलेली कोण हे चिठ्ठीला कळण्याचा संभव नव्हता. त्यानंतर त्यांनी रीत बदलली. प्रत्येकीने आपली गरज थोडक्यात सांगावयाची. सर्वांत नवी सभासद प्रथम, अध्यक्षा सर्वांत शेवटी. हा क्रम वरवर क्षुल्लक दिसतो, पण अध्यक्षाबाई आधी बोलत तेव्हा उरलेल्यांना माना डोलावण्यापलीकडे काम राहत नसे. त्या शेवटी बोलू लागल्या आणि बहुतेक वेळा त्यांना बोलण्यासारखे काही उरेनासे झाले.

सूचक, अनुमोदक, उपसूचना, हरकतीचा मुद्दा आणि अध्यक्षांचे निर्णायक मत हा सारा सरंजाम आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आला, आणि तो आपण इतका आत्मसात केला की आज गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीतही ‘मी या ठरावास अनुमोदन देतो’ हे वाक्य सहज ऐकू येते. या पद्धतीची निंदा करण्याची सध्या रूढी आहे. मला ती मान्य नाही. १८७० साली २ एप्रिल रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा तिच्या चालकांनी, ज्यांना आपण सार्वजनिक काका म्हणून ओळखतो ते गणेश वासुदेव जोशी त्यांत अग्रणी होते, सभासद होऊ इच्छिणाऱ्यावर एक विलक्षण अट घातली होती: किमान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र त्याने आणावे. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीच्या गाऱ्हाण्यांतून जन्मलेल्या या संस्थेला सरकारदरबारी आपण लोकांच्या वतीने बोलत आहोत असे म्हणावयाचे होते. आणि ते नुसते म्हणून भागणार नाही, ते प्रत्येक सभासदाच्या हातातल्या कागदावर दिसले पाहिजे, हे तिने जाणले. हेतू आणि रीत यांचा इतका काटेकोर मेळ मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे. त्याच सरंजामाचा आजचा अवतार पाहावयाचा तर एखाद्या सहकारी संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जावे. व्यासपीठावर पुष्पगुच्छांच्या आड संचालक बसलेले असतात, खाली मांडवात सभासद. विषयपत्रिकेतील विषयाचा अनुक्रमांक उच्चारला जातो न जातो तोच पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो, आणि विरोधक मांडवाबाहेर आपली समांतर सभा भरवितात. इतिवृत्त मात्र निर्दोष असते. गणपूर्ती झालेली असते, सूचक-अनुमोदकांची नावे असतात, आणि सहकाराचे जे तत्त्व अहवालाच्या मुखपृष्ठावर छापलेले असते त्याचा मांडवात मागमूस नसतो.

माझ्या मते आपल्या प्रदेशातले सभाशास्त्राचे सर्वांत सुंदर उदाहरण कोणत्याही नियमावलीत नाही; ते आषाढीच्या वाटेवर आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात ज्ञानदेवांच्या पालखी सोहळ्याला जी शिस्त लावून दिली, तिच्यातील समाज आरती ज्याने मुक्कामाच्या तळावर उभे राहून पाहिली असेल त्याला मी काय म्हणतो हे लगेच उमजेल. दिवसभर चालून आलेल्या दिंड्या टाळमृदंगांच्या घोषात पालखीभोवती गोल उभ्या राहतात. तो नाद अंगावर येतो, शेजारच्याचे बोलणेही कानी पडत नाही. मग चोपदार आपला चोप उंचावतात आणि क्षणार्धात सारे टाळ थांबतात. सारे थांबतात, पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ थांबत नाहीत. जागेवरून कुरबुर झाली, पाण्याची गैरसोय झाली, क्रम चुकला, काहीही असो. ती दिंडी टाळ वाजवीत राहते, आणि त्या आवाजाच्या रोखाने चोपदार तिच्यापाशी जाऊन गाऱ्हाणे ऐकून घेतात. तिचे समाधान झाल्यावर मग हरवल्या-सापडल्याची व उद्याच्या प्रस्थानाची वर्दी दिली जाते आणि आरती होते. येथे तक्रार करणाऱ्याला अर्ज लिहावा लागत नाही, व्यासपीठावर चढावे लागत नाही, वक्तृत्वाची तर मुळीच गरज नाही. ज्या टाळाने तो नामस्मरण करतो त्याच टाळाने त्याची हरकत नोंदविली जाते, आणि ती ऐकून घेतल्याखेरीज लाखभर माणसांची आरती पुढे सरकत नाही. सर्वांना समान मानणाऱ्या संप्रदायाने तक्रारीसाठी वेगळे दालन काढले असते तर ते विसंगत दिसले असते. मी प्रशिक्षणवर्गात हे सांगतो तेव्हा कोणी तरी उत्साहाने विचारतो की, मग आमच्या कार्यालयाच्या बैठकीतही एक घंटा ठेवू या काय? ठेवावी, मात्र ती वाजली असता साहेब खुर्चीवरून उठून वाजविणाऱ्यापाशी चालत जातील काय, हे आधी त्यांना विचारून घ्यावे.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा या गोंड गावाचे नाव या संदर्भात नेहमी निघते, आणि ते निघणे योग्यच आहे. दिल्ली-मुंबईत आपले सरकार असले तरी आपल्या गावात आपणच सरकार, अशी घोषणा करणाऱ्या या गावाने बहुमत नाकारले आणि सर्वसहमती स्वीकारली. एकाही माणसाचा विरोध असेल तर निर्णय होत नाही, विषय पुढे जातो व चर्चा चालू राहते. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्या घटनेचे यथोचित कौतुक केले. परंतु ज्या गोष्टीचे कौतुक माझ्यासारख्याने करावयाचे, ती म्हणजे गावाने निर्णय आणि अभ्यास यांची केलेली फारकत. देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सहकारी यांच्या संगतीत तेथे अभ्यासगट वाढला. त्यात बाहेरचा माणूस बसू शकतो, कायदा समजावून सांगू शकतो, वाद घालू शकतो, आणि तेथे काहीच ठरवावयाचे नसल्यामुळे कोणाला हरण्याची भीती नसते. ठरवावयाची जागा ग्रामसभा. तेथे बाहेरच्याला आवाज नाही. ज्ञान सर्वांचे आणि सत्ता ज्याचे जगणे पणाला लागले आहे त्याची, हा त्यांचा विश्वास या दोन बैठकांच्या मांडणीतच उतरलेला आहे. सर्वसहमतीची पद्धत उचलून नेणाऱ्या कित्येक संस्था अभ्यासगट मात्र मागेच ठेवतात, आणि मग त्यांच्याकडील सहमती म्हणजे रात्री उशिरापर्यंत बसण्याची ज्याची ताकद अधिक त्याची मर्जी होऊन बसते.

असे असूनही मेंढ्याची रीत सर्वत्र लावावी असे मी म्हणणार नाही. तिच्या अगदी उलट टोकाची एक पद्धत महाराष्ट्रातल्या स्त्रियांनी वापरली, आणि ती तितकीच सच्ची आहे. दारूचे दुकान बंद करावे अशी मागणी गावातील २५ टक्के महिला मतदारांनी केली की गुप्त मतदान घेण्याची तरतूद आपल्याकडे झाली; मतपत्रिकेवर दोन चित्रे, एक उभी बाटली आणि एक आडवी. आडव्या बाटलीवर निम्म्याहून अधिक शिक्के पडले की दुकान बंद. जिचा नवरा त्याच दुकानाचा रोजचा गिऱ्हाईक, जिचा दीर तेथे नोकरीला, जिच्या घराची उधारी दुकानदाराच्या चोपडीत, तिला चावडीवर उभे करून ‘हात वर करा’ म्हणणे हा मोकळेपणा नव्हे, ती क्रूरता आहे. जे लोक पारदर्शकतेचा पुरस्कार सरसकट करतात त्यांनी त्या पडद्यामागे एकदा उभे राहावे. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही बाटली कळते, ती आडवी पडली म्हणजे काय हेही कळते, आणि आपण काय केले हे बाहेर आल्यावर कोणाला सांगण्याची तिच्यावर सक्ती नसते. या नियमातला कणखर भाग मात्र आकड्यात दडलेला आहे: ते निम्मे मोजावयाचे ते आलेल्या बायकांचे नव्हे, यादीत नाव असलेल्या सर्व बायकांचे, म्हणजे मजुरीला परगावी गेलेली, माहेरी गेलेली, घरात कोंडलेली, प्रत्येक गैरहजर बाई उभ्या बाटलीच्या पारड्यात जाऊन बसते. पेटी किती गुप्त आहे एवढेच पाहून चालत नाही. हिशेब कोणत्या आकड्यापासून सुरू होतो तेही पाहावे लागते, आणि ते पाहण्याची तसदी फार थोडे घेतात.

शहरातून येणाऱ्या प्रशिक्षकांची रंगीत कार्डे हाही असाच विषय आहे. प्रत्येकाने आपला विचार कार्डावर लिहावा, कार्डे भिंतीवर लावावीत, सारखी कार्डे एकत्र करावीत. पद्धत गोजिरी आहे, छायाचित्रही उत्तम येते. पण ज्या बैठकीत निम्म्या लोकांना लिहिताना घाम फुटतो तेथे समतेचे नाव घेऊन ही कार्डे वाटावीत आणि मग लिहिणाऱ्याच्या शेजारी न लिहिणाऱ्याने ओशाळून बसावे, हे मला सहन होत नाही. तेथे मी चिंचोके काढतो. जमिनीवर विहीर, शाळा, रस्ता यांची चित्रे, प्रत्येकाच्या ओंजळीत सारखे चिंचोके, आणि ज्याला जे महत्त्वाचे वाटेल त्यापुढे त्याने ते ठेवावयाचे. एकदा एका म्हातारीने आपली सारी ओंजळ स्मशानाच्या वाटेपुढे रिती केली; पावसाळ्यात ओढ्यापलीकडे प्रेत नेताना गावाची काय दैना होते, हे सरपंचांच्या आराखड्यात कोठेच नव्हते.

अलीकडे एका गटाने मला पेचात टाकणारा प्रश्न विचारला. त्यांची एक सभासद कर्जाचे हप्ते चुकवीत होती, कारण घरचे होते आणि लाजिरवाणे होते. थकबाकीची चर्चा उघड बैठकीत व्हावी हा त्यांचा नियम. एकमेकींची अब्रू राखावी हाही त्यांचा नियम. मी दोन-तीन मार्ग सुचविले, ते त्यांनी नम्रपणे बाजूला ठेवले आणि स्वतःच एक तोड काढली. वही उघडण्यापूर्वी, हजेरीच्याही आधी, त्या बाईने सर्वांना आपले कारण सांगावे. सर्वांनी ऐकावे, प्रश्न विचारावेत, मुदत ठरवावी. आणि मग वही उघडून तिच्यात फक्त रक्कम आणि नवी तारीख लिहावी. पुढे बँकेचे अधिकारी तपासणीस आले, त्यांनी दप्तर चाळले आणि मुदतवाढीचे कारण नोंदलेले नाही अशी हरकत घेतली. कारण आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले. ते लेखी लागते, असे साहेब म्हणाले. मिळणार नाही, असे बाई म्हणाल्या. साहेबांनी लाल शाईने शेरा मारला, त्याखाली बाईंनी आपली सही केली, आणि गटाने ती वही पुढच्या महिन्यातही तशीच, हजेरीनंतरच, उघडली.