तळाच्या फळीवरच्या ईथरच्या बाटलीस

प्रिय बाटली,

मार्चअखेरच्या साठा तपासणीत तू सापडलीस. तपकिरी काच, पिवळं पडलेलं लेबल आणि झाकणाच्या आट्यांत पांढरा थर. यादी करणाऱ्या मुलाने तुला उचलायला हात पुढे केला होता. मी त्याचं मनगट धरलं, त्याला बाहेर आणलं आणि खोलीला कुलूप घातलं. तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं राहून गेलंय.

तुझ्या लेबलावर ज्वालेचं चिन्ह आहे, उद्गारचिन्हही आहे. स्फोटाचं चिन्ह नाही, आणि त्यात लेबलाची चूक नाही. कारखान्यातून निघालीस तेव्हा तुझ्यात स्फोटक असं काही नव्हतंच, ते आमच्या कपाटात तयार झालं. कुणीतरी तुला उघडून पन्नासेक मिलिलिटर ओतून घेतलं आणि झाकण लावलं. रिकाम्या झालेल्या जागेत हवा शिरली. तिच्यातल्या ऑक्सिजनने तुझ्यातल्या ईथरची हळूहळू पेरॉक्साइडं केली. तपकिरी काच उजेड अडवते, आत गेलेली हवा नाही. ईथर उडत राहिलं, पेरॉक्साइडं मागे राहून दाट होत गेली. आता नुसतं झाकण फिरवलं तरी आट्यांतल्या घर्षणाने स्फोट होऊ शकतो. आम्ही मुलांकडून धोक्याची चिन्हं पाठ करून घेतो. पण लेबल हा जन्मदाखला असतो, आजची तब्येत त्यावर लिहिलेली नसते.

आणि गाव कुठलं, हेही त्यावर नसतं. ईथर 34.6 अंशांना उकळतं. 'थंड जागी ठेवा' ही सूचना लिहिणाऱ्याने विदर्भातला मे पाहिला नसावा. पारा 45 च्या घरात, कॉलेजला सुट्टी, पंखे बंद, खिडक्या बंद. अशा खोलीत तू बाहेर कुठलीही शेगडी नसताना उत्कलनबिंदूच्या वर उभी असतेस. झाकण जरा सैल असलं की वाफ निसटते. ती हवेपेक्षा अडीच पट जड असते, म्हणून वर न जाता ओट्यावरून जमिनीकडे उतरते आणि दूरवरच्या ठिणगीपर्यंत सरपटत पोहोचते. उन्हाळा म्हणून ईथर घरगुती फ्रिजमध्ये ठेवणारेही मी पाहिलेत. हेतू चांगला, पण त्या फ्रिजच्या आत थर्मोस्टॅट असतो, दिव्याचं बटण असतं आणि साठलेल्या वाफेला तेवढी ठिणगी पुरते.

तू इतकी वर्षं का राहिलीस, तेही सांगतो. फेकायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव, समिती, सह्या. त्यापेक्षा रजिस्टरमध्ये '1 नग' असं पुढे ओढत नेणं सोपं होतं. दरवर्षी तुला मोजलं, तपासलं एकदाही नाही. कपाट पुसणाऱ्या आमच्या काकांना तुझी जागा डोळे मिटून सांगता येते; तुझी माहितीपत्रिका मात्र इंग्रजीत, फाइलमध्ये. ती त्यांना मराठीत वाचून दाखवणं हे माझं काम होतं.

खरं तर लागतं फार थोडं. मोठ्या बाटलीऐवजी लहान मागवायची. उघडली त्या दिवशीची तारीख मार्करने लिहायची आणि तीन ते सहा महिन्यांत ती संपवायची किंवा रीतसर काढून टाकायची. मधूनमधून थोडं ईथर घेऊन आम्लयुक्त पोटॅशियम आयोडाइडबरोबर हलवायचं. पिवळं झालं तर पेरॉक्साइड आहे. हे फक्त तारीख माहीत असलेल्या, स्वच्छ झाकणाच्या बाटलीसाठी. तुझ्यासारखीला आता आम्ही कुणी हात लावायचा नाही. पोलिसांच्या बॉम्बशोधक-नाशक पथकाला कळवलंय.

दाराच्या फटीतून तुझं लेबल दिसत नाही, पण त्या दिवशी पाहिलेलं आठवतं. उघडल्याची तारीख लिहायला त्यावर एक रेघ होती. ती कोरी आहे. तू आलीस त्या वर्षी विभागात ईथर वापरणारे तिघेच होतो, आणि मी त्यातला एक.

तुझा,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक