बेरीज पंच्याण्णव

बायोटाइटच्या विश्लेषणाची बेरीज बरोबर शंभर आली की मला शंका येते. या काळ्या अभ्रकाच्या रचनेतच पाणी असतं आणि इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबला हायड्रोजन दिसत नाही. त्यामुळे ऑक्साइडं मिळून पंच्याण्णव-शहाण्णव टक्केच भरायला हवीत.

मी तपासते ते खडकाचे पातळ काप बहुतेक क्लोजपेट ग्रॅनाइटचे. क्लोजपेट म्हणजे आजचं रामनगर; ‘शोले’तल्या टेकड्या तिथल्याच. कर्नाटकात दक्षिणोत्तर पसरलेला हा पट्टा सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा. नजरेत भरतात ते त्यातले मोठाले गुलाबी फेल्डस्पार. माझा वेळ मात्र काळ्या ठिपक्यांवर, म्हणजे बायोटाइट आणि हॉर्नब्लेंडवर जातो.

काप ३० मायक्रॉन जाडीचा, मायक्रोप्रोबचा किरण जेमतेम मायक्रॉनभर. तो कुठे टेकवायचा हे ठरवण्यातच सगळी कारागिरी. आकडे काय, यंत्र देतंच. हॉर्नब्लेंडमधलं अ‍ॅल्युमिनियम दाबाबरोबर वाढतं, म्हणून त्यावरून ग्रॅनाइट किती खोलवर गोठला याचा अंदाज बांधता येतो. हॅमरस्ट्रॉम आणि झेन यांनी १९८६ साली मांडलेली ही रीत. पण त्यासाठी कणाची कड हवी, तीही क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारच्या सोबतीत वाढलेली. घाईघाईने मधोमध नेम धरला, तर उत्तर येतं ते शिलारस पुरता गोठण्याआधीचं.

बायोटाइटचं दुखणं वेगळं. सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी कणाच्या पापुद्र्यांत हिरवी रेघ शिरलेली दिसते, ते क्लोराइट. ताज्या बायोटाइटमध्ये पोटॅशियम ऑक्साइड नऊ-दहा टक्के, क्लोराइटमध्ये जवळजवळ शून्य, आणि बेरीज सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीवर उतरलेली. या दोघांच्या सीमेवर किरण पडला की पोटॅशियम पाच, बेरीज एक्क्याण्णव असं काहीतरी मधलंच हाती येतं. तापमान काढायला ही ओळ कुचकामी, म्हणून विद्यार्थी ती तक्त्यातून उडवतात. मी उडवू देत नाही. वेगळ्या रकान्यात ठेवा म्हणते, आणि पुढचा बिंदू शेजारच्या प्लेजिओक्लेज फेल्डस्पारवर घ्यायला लावते.

कारण गरम पाणी खडकात शिरलं की शेजाऱ्यांमध्ये उसनवारी सुरू होते. बायोटाइटने सोडलेलं पोटॅशियम प्लेजिओक्लेजच्या गाभ्यात जाऊन बारीक पांढऱ्या अभ्रकात अडकतं. गाभा कॅल्शियमने जड असल्यामुळे आधी तोच कुजतो. तिथून सुटलेलं कॅल्शियम उलट वाटेने येतं आणि बायोटाइटला नकोसं झालेलं टायटॅनियम घेऊन त्याच हिरव्या रेघेत स्फीन या खनिजाचे कण घडवतं. दोन्ही कणांचे आकडे शेजारी मांडले तरच पाण्याने बाहेरून काय आणलं आणि घरातलंच काय फिरवलं, ते सुटं करता येतं.