नायगाव ते वैतरणा : पाण्याने आखलेला मुलूख

भाईंदरहून उत्तरेकडे निघालेली लोकल स्टेशन सुटताच खाडीवर येते, पण हा पूल एका दमात संपत नाही. पाणी ओलांडले की खाली तिवरांची रांग, खाजणे म्हणजे भरतीच्या पाण्याखाली येणारी खारी जमीन, आणि एका गावाची घरे दिसतात, मग पुन्हा पाणी लागते आणि त्यानंतर नायगाव. मधला तुकडा म्हणजे पाणजू बेट. वसईचा हा प्रवास मी दक्षिणेकडून उत्तरेकडे करतो आहे, आणि तो पाणजूपासूनच सुरू व्हायला हवा, कारण या मुलखाच्या कारभारातले कोडे इथे सगळ्यात स्पष्ट दिसते. पश्चिम रेल्वेची शेकडो माणसांनी भरलेली गाडी दर काही मिनिटांनी या गावाच्या डोक्यावरून जाते, थांबत मात्र एकही नाही. गावकऱ्यांना नायगावच्या धक्क्यावरून होडीने, नाहीतर रेल्वेच्या पुलावरून पायी ये-जा करावी लागते. धावत्या गाडीतून खाडीत भिरकावलेले निर्माल्य आणि नारळ कित्येकदा पुलावरून चालणाऱ्या गावकऱ्यांना लागले आहेत. पाणजूला स्वतःची ग्रामपंचायत आहे, ती पालघर जिल्हा परिषदेच्या कक्षेत येते. पूल रेल्वेचा, जलवाहतूक सागरी मंडळाची, किनाऱ्याचे नियम केंद्राचे, आणि हाकेच्या अंतरावर महानगरपालिका सुरू होते. या साऱ्यांमध्ये खाडीचे पाणी एकच आहे, आणि त्या पाण्याला विचारणारे कार्यालय मात्र एकही नाही.

माझे म्हणणे याच एका गोष्टीविषयी आहे. वसई हा भूगोलाने बेटांचा आणि खाड्यांचा मुलूख आहे. दक्षिणेला उल्हास नदी जिच्यातून समुद्राला मिळते ती वसईची खाडी, उत्तरेला त्र्यंबकच्या डोंगरातून येणारी वैतरणा, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. या चौकटीत सोपाऱ्याची खाडी अशी आत शिरलेली होती की जुन्या कागदपत्रांत किनारपट्टीचा भाग ‘वसई बेट’ म्हणूनच येतो. गाळ, बांध आणि भराव यांमुळे ती खाडी आज नाल्यासारखी दिसते. म्हणून लोकांना वाटते की बेट संपले. ते नकाशावर संपले, उतारात संपलेले नाही. डोंगरावर पडलेला पाऊस समुद्राकडे जायला आजही त्याच वाटा शोधतो. कारभार मात्र ज्या रेघांवर चालतो त्या महसुलाच्या, मतदारसंघांच्या आणि रेल्वेच्या जमिनीच्या आहेत. माझ्या मते वसईच्या बहुतेक सार्वजनिक दुखण्यांचे मूळ या विसंगतीत आहे.

नायगावहून पश्चिमेला वळले की खाडीच्या तोंडाशी वसईचा किल्ला लागतो. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये हा मुलूख पोर्तुगिजांना दिला आणि वसई त्यांच्या उत्तर प्रांताचे ठाणे झाली. त्या प्रांताची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. खाडीच्या अलीकडची वसई आणि पलीकडची साष्टी, ठाणे, पुढे चौलपर्यंतचा किनारा, हे सारे एका कारभाराखाली होते. त्यांच्या लेखी खाडी हा रस्ता होता, आणि दोन्ही काठ एकाच हाती असल्याखेरीज रस्ता सुरक्षित राहत नाही हे उघड होते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, तेव्हा मराठ्यांनीही वसईला सरसुभ्याचे ठिकाण केले आणि शंकराजी केशव यांना तिथे नेमले. त्या सत्तांचे गुणगान मला करायचे नाही; पोर्तुगिजांच्या धर्मच्छळाचा इतिहास याच तटबंदीच्या आत घडला. मुद्दा इतकाच की ज्यांना इथे राज्य टिकवायचे होते त्यांनी पाण्याची मोजदाद आधी केली. खाडी ही दोन प्रदेशांमधली कड आहे ही समजूत इंग्रजी अमलातल्या तालुक्यांनी आणि रेल्वेने रुजवली. विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी धावली, आणि तेव्हापासून वसईचा चेहरा पाण्याकडून रुळांकडे फिरला.

किल्ल्याच्या उत्तरेला पापडी, भुईगाव, गास, निर्मळ, नंदाखाल असा पट्टा समुद्राला समांतर जातो. केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, फुलशेती, चर्च, देवळे आणि निर्मळचे तीर्थ. सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ, कोळी, आगरी, अशा अनेक समाजांनी ही जमीन शेकडो वर्षे पिकवली. समुद्र इतका जवळ असूनही इथल्या विहिरींना गोडे पाणी असायचे, आणि यामागे बावखल आहे. वाडीला लागून खोदलेले, पावसाने भरणारे तळे म्हणजे बावखल. त्यातले पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्याला दाबून ठेवते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने त्यावर तरंगते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटरने उंच असली तर तिच्याखाली साधारण ४० मीटर खोलवर गोडे पाणी टिकते, हे भूजलशास्त्रातले मान्य ढोबळ गणित. त्याची उलट बाजू भयंकर आहे : पातळी अर्ध्या मीटरने खाली गेली की खारे पाणी २० मीटर वर चढते. १९८० च्या दशकात नव्या इमारतींसाठी याच पट्ट्यातल्या विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जे आंदोलन उभे केले, ते हे गणित जगून शिकलेल्या माणसांचे आंदोलन होते. त्याला झाडांवरचे प्रेम एवढेच म्हणणे अपुरे आहे. आणि आजही एखादे बावखल बुजवून तिथे इमारत उभी राहते, तेव्हा तोटा त्या एका मालकाचा नसतो. शेजारच्या चार वाड्यांच्या विहिरी खाऱ्या होतात. सातबाऱ्यावर बावखल एकाचे असते, त्याचे पाणी मात्र साऱ्या आळीचे.

निर्मळहून पूर्वेला थोड्याच अंतरावर सोपारा आहे. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये बुरूड राजाच्या कोटातला स्तूप उकलला आणि सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. समुद्रावरून गलबते जिथपर्यंत येत होती तिथे आता नालासोपाऱ्याची गच्च वस्ती आहे. शहराचे हे अंग सगळ्यात तरुण आणि सगळ्यात दाट. मुंबईत घर न परवडणाऱ्या लाखो माणसांना याच जमिनीने छप्पर दिले, हे आधी मान्य करायला हवे. पण स्टेशनच्या पूर्वेला उभे राहून डोंगराकडे पाहिले की अडचण कळते. तुंगारेश्वरच्या उतारावरचे पाणी आधी महामार्गाच्या भरावाला अडते, मग वस्तीला, मग रेल्वेच्या भरावाला, आणि त्यापुढे मिठागरे व खाजणे ओलांडून खाडीला पोचते. या तिन्ही अडथळ्यांवर मोऱ्या आहेत, पण प्रत्येकाची मालकी वेगळी. त्यातच भरती असली तर खाडी पाणी घेतच नाही. ओहोटी लागेपर्यंत ते कुठेतरी थांबायलाच हवे. पूर्वी ते मिठागरांत आणि खाजणांत थांबायचे. भराव पडलेल्या खाजणाला ती जागा देता येत नाही, म्हणून पाणी तळमजल्यांत थांबते. २०१८ च्या जुलैत हेच झाले. रेल्वे बंद पडली, वसईच्या मिठागर वस्तीतली माणसे पाण्याने वेढली गेली, पाणी कित्येक दिवस ओसरले नाही. त्यानंतर महापालिकेने नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्याकडे कारणांचा अभ्यास सोपवला आणि धारण तलावांची चर्चा सुरू झाली. धारण तलाव म्हणजे भरती ओसरेपर्यंत पाणी धरून ठेवणारी जागा. खाजणे हेच काम फुकट करीत होती.

आता कारभाराकडे येतो. १९९० मध्ये सिडकोला इथले विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची ५३ गावे मिळून महानगरपालिका झाली, आणि पुढच्या वर्षी नियोजनाचे अधिकार तिच्याकडे आले. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. मुंबई महानगर प्रदेशाचे नियोजन करणारे प्राधिकरण निराळे, खारभूमीचे खाते निराळे, तिवरांचा कक्ष वनविभागाचा. या सगळ्यात एक बदल मला विशेष बोलका वाटतो. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात, वसई-विरार पालघर जिल्ह्यात, तरी पोलिसांसाठी दोन्ही काठ एक झाले, कारण गुन्हेगार खाडीपाशी थांबत नाही. मग पुराच्या पाण्याला तो न्याय का नाही? जिल्ह्याची हद्द ओलांडणारी यंत्रणा उभारता येते, याचा पुरावा सरकारनेच दिलेला आहे. तसेच डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या पाण्याचे निर्णय घेणारे एक मंडळ हवे, हा माझा प्रस्ताव आहे.

यावर पहिला आक्षेप गावांचा असेल, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. महापालिका झाली तेव्हा पश्चिम पट्ट्यातल्या अनेक गावांनी तिला विरोध केला. घरपट्टी वाढेल, वाड्यांवर बांधकामाची आरक्षणे पडतील, ग्रामसभेचा आवाज जाईल, ही भीती निराधार नव्हती. २०११ मध्ये राज्य सरकारने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, तो उच्च न्यायालयात अडकला आणि प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. पाण्यासाठी सारे एक करा म्हणणारा माणूस या गावांना पुन्हा महापालिकेच्या दावणीला बांधतो आहे, असे कोणी म्हणेल. माझा प्रस्ताव नेमका उलटा आहे. भांडण चिघळले याचे कारण असे की घरपट्टी, बांधकाम परवानगी, दिवाबत्ती आणि पाण्याचा निचरा हे सारे एका गाठोड्यात बांधून गावांपुढे ठेवले गेले : घ्या तर सगळे, नाहीतर काहीच नाही. गाठोडे सोडले तर वाद निम्मा होतो. गावाची घरपट्टी गावाने ठरवावी, वाड्यांचा वापर ग्रामसभेने ठरवावा. मात्र नाला, बावखल, खाजण, उघाडी म्हणजे बांधातले पाण्याचे दार, आणि मोरी यांचा निर्णय डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या साऱ्यांनी मिळून घ्यावा. गावे महापालिकेबाहेर गेली तरी त्यांच्या शेतातून जाणारा नाला बाहेर जाणार नाही.

दुसरा आक्षेप असा की आधीच इतकी कार्यालये आहेत, आणखी एक कशाला? कार्यालयांची संख्या हा खरा दोष नव्हे. आज प्रत्येक कार्यालयाकडे पाण्याचा एक तुकडा आहे आणि उत्तरदायित्व कोणाकडेच नाही. नेदरलँड्समध्ये तेराव्या शतकापासून पाणी मंडळे चालत आली आहेत. त्यांच्या सीमा पाण्याच्या उताराने ठरतात, सदस्य बहुतांशी निवडून येतात आणि पाण्यासाठीचा कर ती स्वतः गोळा करतात. तो देश श्रीमंत म्हणून आपल्याला लागू नाही, असे वाटत असेल तर गोव्याकडे पाहावे. तिथल्या खाजणांचे बांध आणि पाणी आत-बाहेर सोडणारी दारे, म्हणजे मानशी, गावकारी ही गावाची संस्था सांभाळत असे. कोणाचे शेत कुठल्या गावात यापेक्षा कोणाचे शेत कुठल्या बांधामागे, यावरून जबाबदारी ठरत असे. आपल्याकडेही १९७९ चा खारभूमी विकास कायदा आहे. तो शेतजमीन खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी झाला. त्याचा विचार शहराच्या निचऱ्यापर्यंत वाढवला तर नव्याने सुरुवात करावी लागत नाही.

तिसरा आक्षेप लोकप्रतिनिधींचा. निवडून आलेल्या महापालिकेच्या डोक्यावर मंडळ बसवणे लोकशाहीला धरून आहे का? २०२० च्या जूनमध्ये इथल्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार केला, तेव्हा हा प्रश्न त्या काळाला आधी विचारायला हवा. मंडळात महापालिकेचे नगरसेवक, गावांचे सरपंच, कोळीवाड्यांचे आणि मिठागरांचे प्रतिनिधी बसले, रेल्वे आणि महामार्गाला हजर राहणे बंधनकारक झाले, तर लोकशाही कमी होत नाही. पाणजूच्या सरपंचाला रेल्वेच्या अधिकाऱ्यासमोर बसून बोलण्याची जागा आज मिळत नाही, तेव्हा मिळेल.

आता पुन्हा प्रवासाकडे. विरारवरून पश्चिमेला अर्नाळ्याचा किनारा, आणि समोर वैतरणेच्या मुखाशी अर्नाळा किल्ल्याचे बेट. किनाऱ्यावरून होडी बेटावर थोड्या वेळात पोचते. गुजरातच्या सुलतानांनी बांधलेला हा किल्ला पुढे पोर्तुगिजांकडे गेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. भोवती पाणी खारे असताना तटाच्या आत अष्टकोनी विहीर गोड्या पाण्याने भरलेली आहे, ही जागा निवडणाऱ्यांना बेटाचे गणित ठाऊक होते. बेटावर कोळ्यांची वस्ती आहे आणि अर्नाळा किल्ला ही स्वतंत्र ग्रामपंचायत. लाटांनी किनारा खाल्ला आणि अनेकांची घरे गेली, तेव्हा बंधारा बांधावा ही मागणी करताना या छोट्या ग्रामपंचायतीला एकेका खात्याचे दार ठोठावावे लागले आहे. किनाऱ्याची धूप नदी किती वाळू आणते, खाडीतून किती उपसली जाते आणि शेजारी कुठे भिंत उभी राहते यावर ठरते. या तिन्ही गोष्टींचे निर्णय बेटाबाहेर होतात.

२०२४ च्या फेब्रुवारीत वसई ते भाईंदर रो-रो, म्हणजे वाहनेही नेणारी, बोट सुरू झाली. घोडबंदरला वळसा घालून तीस किलोमीटरांहून लांब पडणारा रस्ता खाडीवरून थोड्या मिनिटांचा झाला. इतक्या वर्षांनी खाडीकडे पुन्हा रस्ता म्हणून पाहिले गेले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण बोट चालवण्यासाठी खाडीचा गाळ मोजावा लागतो, तो उपसावा लागतो, आणि तोच गाळ नाल्यांच्या तोंडाशी साचून पूर आणतो. बोटीसाठी मोजलेली खोली निचऱ्याच्या आराखड्यात आणि पाणजूच्या होडीच्या धक्क्यासाठीही वापरली जावी. त्यासाठी वैतरणेपासून वसईच्या खाडीपर्यंतच्या भरती-ओहोटीच्या, गाळाच्या आणि मोऱ्यांच्या सर्व नोंदी एका ठिकाणी आणि मराठीत, प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि प्रभागाला दर पावसाळ्याआधी मिळाल्या पाहिजेत. मंडळाचा कायदा व्हायला वेळ लागेल. ही नोंदवही पुढच्या जूनच्या आत सुरू करता येईल, आणि ती कोणी ठेवायची याचा आदेश काढण्याइतका अधिकार पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आपत्ती व्यवस्थापनाच्या कायद्याने आजच आहे.