कसारा घाट आणि 80 रुपयांचा फिल्टर

मे महिन्यात कसारा घाटात आप्पांची बुलेट तिसऱ्यांदा बंद पडली. ही गाडी त्यांनी 1991 साली घेतली होती. साडेतीनशे सीसी, बिडाचा सिलिंडर, उजव्या पायात गिअर. ते गेल्यापासून ती मी चालवतो आणि ती रस्त्याकडेला उभी करून ठेवावी लागली की जिवाला लागतं.

दुखणं दर वेळी एकच. शहापूरपर्यंत गाडी मस्त. घाटाचा चढ लागला, तीन-चार वळणं झाली की झटके मारायची आणि हळूहळू आवाज बारीक होत बंद. प्लग काढून पाहावा तर ठिणगी चांगली. वीस मिनिटं थांबलं की पहिल्या किकला सुरू. पेट्रोल पोचत नाही एवढं कळत होतं. पण टाकी भरलेली, फिल्टर वर्षभरापूर्वी एका गॅरेजमध्ये नवा टाकलेला. मग अडतंय कुठं?

ते मामांनी दाखवलं. मामा सातपूरच्या मायकोतून, म्हणजे आताच्या बॉशमधून निवृत्त झाले. डिझेलच्या नोझलवर त्यांची हयात गेली. नोझलमधली सुई आणि तिची बॉडी यांच्यात मोजक्या मायक्रॉनची फट असते, म्हणून इंधनातल्या कचऱ्याबद्दल हा माणूस फार कडक. ते म्हणाले, ‘‘पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन ये आणि लगेच माझ्यासमोर लाव.’’ आल्यावर ते गाडीजवळ उकिडवे बसले. ‘‘आता फिल्टरला बोट लावून बघ.’’

बोट टेकवलं नाही तोच मागं घ्यावं लागलं. प्लॅस्टिकचा तो फिल्टर सिलिंडरच्या पाकळ्यांना जवळजवळ चिकटून आडवा बांधला होता. शिवाय पाइप लांब ठेवल्यामुळे आधी खाली लोंबून मग फिल्टरकडे वर चढत होता.

कार्बोरेटरच्या बुलेटला पेट्रोलचा पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, मधल्या वीतभर उंचीच्या जोरावर पेट्रोल उतरतं. त्यातला हलका भाग 35-40 अंशांनाच उकळायला लागतो. तापल्या फिल्टरमध्ये वाफ धरते, पाइपच्या चढावर अडकून बसते आणि एवढ्याशा दाबाला ती हटवता येत नाही. गाडी थंड झाली की वाफ जिरते आणि वाट मोकळी होते. वीस मिनिटांचं कोडं ते हेच होतं.

रविवारी सकाळी इंजिन थंड असताना अंगणात कामाला बसलो. आईला सांगितलं, देवापुढचा दिवा आज माझं काम आटोपल्यावर लाव. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते आणि आमचं देवघर दाराला लागूनच आहे. यात हयगय नको.

फिल्टर काढण्याआधी मामांनी एक माप घ्यायला लावलं. कार्बोरेटरकडचं पाइपचं टोक काढून बाटलीत सोडायचं, कॉक उघडायचा आणि घड्याळ लावायचं. मिनिटाला जेमतेम 60 मिली. आमची गाडी लिटरला 35 किलोमीटर देते. ताशी 50 च्या वेगानं मिनिटाला 25 मिलीच्या आसपास लागतात, चढावर दुप्पट धरा. म्हणजे थंड असतानाच हात टेकलेले, मग तापल्यावर काय निभाव लागणार?

जुना फिल्टर करवतीनं कापला. कागदाच्या घड्या विटकरी झालेल्या. बोटावर घेऊन चोळलं तर भुकटी रवाळ लागली, टाकीतला गंज. पावसाळ्यात मी गाडी अर्ध्या टाकीवर महिना-महिना उभी ठेवत होतो, चूक माझीच. पंपावर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. आमचा पाइप वाकवला तर बारीक भेगा दिसत होत्या. टाकी रिकामी करून धुतली आणि इथेनॉल चालणारा पाइप दुकानात मागून घेतला.

नवा फिल्टर 80 रुपयांचा. त्याची जागा मात्र बदलली. सिलिंडरपासून मागं, सीटखालच्या फ्रेमच्या नळीला लागून, उभा. कॉकपेक्षा खाली, कार्बोरेटरपेक्षा वर, बाण खालच्या दिशेनं. पाइप कुठंही वर चढणार नाही इतकाच लांब कापला आणि दोन्ही टोकांना क्लिप लावल्या. कॉक उघडून पाच मिनिटं प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरला, कुठंच ओल आली नाही. फिल्टर अर्धाच भरलेला दिसत होता, मला काळजी वाटली. मामा म्हणाले, ‘‘अरे, तो असाच राहतो. धार मोज.’’ मिनिटाला 250 मिली.

पुढच्या रविवारी भर दुपारी मामांना मागं बसवून घाट उतरलो आणि कसाऱ्यातून परत फिरलो. चढावर एकदाही झटका नाही. इगतपुरीला चहा घेतला, फिल्टरला बोट लावलं. कोमट.

तुमच्याकडे जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर फिल्टर बदलताना तो बसतो कुठं, हेही बघा. 2020 नंतरच्या बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे. तिथं पाइपमध्ये पंपाचा दाब असतो, त्या पाइपला घरी हात लावू नका.