मुक्या रोग्याची नाडी

माणसांच्या वैद्यास एक मोठी सोय असते: त्याचा रोगी बोलतो. आमच्या वाट्यास आलेला रोगी बोलत तर नाहींच, उलट दुखणें लपवितो. माळरानांत ज्याच्यावर सदैव श्वापद टपलेलें, त्यानें लंगडणें म्हणजे मरणास बोलावणें. हा पिढीजात धडा घोडा मुंबईच्या फरसबंदीवरहि विसरत नाहीं.

परळास १८८६ सालीं पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें. तेथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाच्या इस्पितळांत आम्हीं घोड्यास प्रथम हात लावला. पहिला धडा औषधांचा नव्हता, रीतीभातीचा होता. घोड्यास अगदीं नाकापुढचें व शेपटामागचें दिसत नाहीं. म्हणून डाव्या खांद्याच्या रोखानें, हलकेंच बोलत जावें. हात आधीं मानेपाशीं ठेवावा आणि मग न उचलतां पायापर्यंत सरकवीत न्यावा. हात नाहींसा होऊन अकस्मात् दुसरीकडे टेकला, कीं लाथ आलीच!

मग नाडी. ती जबड्याच्या हाडाखालीं बोटांस लागते. निरोगी प्रौढ घोड्याची नाडी मिनिटास २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६. हिरडी दाबून सोडली असतां दोन सेकंदांत पुन्हां गुलाबी व्हावी. कुशीस कान लावला तर आंतड्यांची गुरगुर ऐकूं यावी. पोटशूळांत ती थांबली तर भय वाटावें. कारण घोड्यास ओकतां येत नाहीं, आणि तुंबलेलें पोट फुटूंहि शकतें.

व्हिक्टोरियाचे गाडीवान घोडा आणीत तेव्हां प्रश्न एकच असे: "चालेल ना?" घोडा आठवडाभर उभा राहिला तर घरची चूल विझे, आणि तसाच जुंपला तर पाय कायमचा जाई. अशा वेळीं वाद न घालतां आम्ही गाडीवानाचा हात तापलेल्या खुरावर ठेवीत असूं. आमचें निदान त्यास पटो वा न पटो, स्वतःच्या तळहातास लागलेली ऊब त्यास नाकारतां येत नसे. पुष्कळदां तो मुकाट्यानें घोडा सोडी.

हौसेच्या सफरींसाठीं धांवणाऱ्या त्या गाड्या मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ सालीं बेकायदा ठरविल्या, व त्यांत जनावरांचें हितच झालें. आज क्ष-किरण आहेत, ध्वनिलहरींचीं यंत्रें आहेत, आणि तीं हवींतच. परंतु यंत्र लागण्यापूर्वीं घोडा स्वस्थ उभा राहावा लागतो, आणि तें काम अद्यापि हातासच करावें लागतें.